दोराचं टोक

नदीवेस,
१७ फेब्रुवारी १९६४

तीर्थस्वरूप आत्याबाईस,

रुख्मिणीचा नमस्कार. गीताक्काला नमस्कार सांग, लेकरांना आशीर्वाद. दुसरबीडची थंडी सरली असेल.

तुझं कार्ड मिळालं. अक्षर वामनराव मास्तरांचं, बोल तुझे. कार्डावर एवढी कोरी जागा असताना तू एकच ओळ लिहायला सांगितलीस: "रुखमे, तू नकाशा काढला त्याच्यात आमी काऊन नाही?"

आत्या, याचं उत्तर मला देता येत नाही. चार दिवस झाले, कार्ड वहीत घालून शाळेत नेते आणि तसंच परत आणते. म्हणून आधी इकडची खुशाली लिहिते.

बाबांचा खोकला गेला. नगरपालिकेनं त्यांना बागेत माळी म्हणून घेतलं हे तुला ठाऊक आहे. आता खाकी डगला आणि शिट्टीही दिली आहे. कोणी फुलाला हात लावला की शिट्टी वाजवायची. बाबांना ती वाजवता येत नाही, नुसती फूं फूं होते. पोरं मुद्दाम शेवंती तोडतात आणि म्हणतात, "वाजवा ना हो महादेवबुवा." बाबा हातानंच हाकलतात, गुरांना हाकलतात तसे. कर्दळी मात्र त्यांनी अशा लावल्या आहेत की पेठेतले लोक थांबून बघतात. तू घर सोडताना त्यांच्याशी बोलली नाहीस. ते अजून तुझी चरवी घासून फळीवर पालथी ठेवतात.

बाग आता तुला ओळखू येणार नाही. तुझ्या डोळ्यांपुढे असेल ती जुनीच: गंजलेलं फाटक, कोरडा हौद, त्यात बाजाराचा कचरा, आणि चारी बाजूंनी बाभळी. इंग्रज साहेबाच्या काळात लावलेली बाग, नंतर कोणी न विचारलेली. पेठ त्या फाटकाशी येऊन अडायची. पलीकडे नदी आहे हे दुकानदारांना फक्त पुराच्या दिवशी आठवतं, असं मी नगरपालिकेला दिलेल्या निवेदनात लिहिलं होतं. भगवंतरावांना ते वाक्य फार आवडलं. ते नगराध्यक्ष आहेत आणि आमच्या शाळेच्या समितीचेही अध्यक्ष. मला बोलावून म्हणाले, "बाई, नवं राज्य झालं, आता नव्या लोकायनं पुढं याव लागते. तुमी बाग समितीत या. आमच्याजोळ हात लय आहेत, डोकं नाही."

त्या रात्री मला झोप आली नव्हती. आपल्या घरात आजवर अंगठा उठायचा. सही करणारी पहिली मी, आणि माझ्या सहीनं गावाचा एक कोपरा सुधारणार होता. वर्गातल्या मुली घेऊन आठ रविवार मी तो हौद साफ केला. पेठेतून सरळ रस्ता बागेतून मागच्या दगडी पायऱ्यांवर आणायचा, पायऱ्या दुरुस्त करायच्या, म्हणजे माणूस कापड घ्यायला आला तरी दहा पावलांत नदीशी. शहराला नदी परत द्यायची, असं मी म्हणायचे. तेव्हा मला अशी मोठी वाक्यं सहज सुचायची.

त्यातलं बरंचसं झालंही. सव्वीस जानेवारीला फाटक उघडलं. संध्याकाळी बायका मुलं घेऊन येतात, शेंगा खातात, बाकांवर बसतात. हे खोटं नाही आत्या, मी रोज बघते.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. नकाशा मी श्रावणात काढला. श्रावणात पात्र भरून वाहतं हे तुला मी सांगायला नको. आपल्या खरबुजांच्या वाड्या लागतात दिवाळीनंतर, पाणी हटून वाळू उघडी पडली की. श्रावणात तिथं उभं राहणाऱ्याला वाड्या कुठून दिसणार? जे डोळ्यांना दिसतं तेच नकाशात काढायचं असतं, असा नियम आहे.

कार्तिकात जानराव काका दोर घेऊन वाड्या आखायला गेले, तेव्हा त्यांना बागेच्या फाटकावर अडवलं आणि सांगितलं की नदीकाठ आता बागेच्या हद्दीत आला, नकाशा मंजूर झाला. मी शाळेत होते. मला संध्याकाळी कळलं. तू त्याच आठवड्यात लेकीच्या घरी, गीताक्काकडे निघून गेलीस. एस.टी.त बसताना माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पोरी, चुलीवरचं दूध उतू जाईन, जा घरी." तेच शेवटचं.

बाकी ठीक. प्रकृतीस जपणे.

तुझी,
कु. रुख्मिणी महादेवराव, बी. ए.


नदीवेस,
९ मार्च १९६४

तीर्थस्वरूप आत्याबाईस,

नमस्कार. तुझं दुसरं कार्ड काल आलं. पुन्हा एकच ओळ.

"श्रावणात पानी व्हतं, तर मंग नकाशात रेती कशी दिसली?"

आत्या, आमच्या समितीत सात माणसं होती. दोन वकील, एक ओव्हरसियर. नकाशा सगळ्यांच्या हातातून गेला. जानराव काकांच्या अर्जाला नगरपालिकेनं उत्तर दिलं त्यातही तेच छापून आलं: "सदर जागा नकाशात मोकळी रेती अशी दाखविली असून तेथे कोणाचीही वहिवाट नाही." ते वाचताना कोणाला सुचलं नाही ते तुला ऐकून सुचलं. पाणी दिसत होतं तर मी पाणी लिहायला हवं होतं. मी "मोकळी रेती" लिहिलं. म्हणजे पाण्याखाली काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि त्या रेतीत काय असतं तेही ठाऊक होतं.

तू मला पकडलंस. मागच्या पत्रातला तो नियमाचा परिच्छेद पुसून टाकता आला असता तर बरं झालं असतं. मी तो खूप वेळा वाचून पाहिला होता. वाचताना खरा वाटायचा.

का लिहिलं, ते या पत्रात लिहीत नाही. माझं पत्र मास्तर ओसरीवर बसून मोठ्यानं वाचतात आणि गीताक्काचे सासरचे सगळे ऐकतात, हे मला माहीत आहे. एवढं मात्र लिहिते की विसर पडला नव्हता. दोर कोण विसरेल?

बागेच्या मागच्या पायरीवर ते लोखंडी कडं. दिवाळीचा पाडवा उलटला, पाणी हटलं की जानराव काका अंबाडीचा दोर त्या कड्याला बांधायचे. एका वाडीची रुंदी एक दोर. बारा घरं, बारा दोर. दुसरं टोक धरायला लग्न न झालेली पोरगी लागायची. मी आठ वर्षांची असताना काकांना विचारलं होतं, मीच का? सगळ्या बायकांसमोर ते म्हणाले होते, "तू परक्या घरी जाशीन. तुले वाडीत हिस्सा नाही. ज्याले हिस्सा नाही तो दोर ताणतई नाही अन् ढिलाई सोडत नाही." तू मागून म्हणालीस, "अन् तिचा हात बी नाही थरथरत." मी अमरावतीला कॉलेजात जाईपर्यंत, नऊ वर्षं, ते टोक माझ्या हातात होतं. पाचवी वाडी तुझी. तिथं मी टोक दाबून उभी राहायचे आणि तू खुणेची तुराटी रोवायचीस. त्या नऊ वर्षांत एकाही घरानं माप चुकलं म्हणून तोंड उघडलं नाही. माझ्या पदवीचा कागद भिंतीवर आहे, पण एवढा विश्वास मला परत कोणी दिलेला नाही.

आता इथली बातमी. ती वाईट आहे.

माघात नदीच्या रेतीचा ठेका हिंमतरावांना मिळाला. नव्या पुलाला आणि सरकारी इमारतींना रेती पाहिजे. ट्रक नदीत उतरायला वाट नव्हती, ती त्यांना बागेतून मिळाली. पेठेतून नदीपर्यंत मी जो सरळ रस्ता काढला, तोच. पायऱ्या दुरुस्त व्हायच्या होत्या, त्या फोडून उतार केला. कडं त्यात गेलं. मी फोडलेल्या दगडांत दोन दिवस शोधलं. बाबा म्हणाले, "नोको शोधू. लोखंड व्हतं, कोन्हं तरी मोडीत घातलं असीन." ट्रक गेला की कर्दळीवर धूळ बसते. बाबा रोज सकाळी एकेक पान ओल्या फडक्यानं पुसतात.

जानराव काका नांदुऱ्याच्या बाजारातून डांगर विकत आणतात आणि पेठेत बसून विकतात. परवा मी थांबले. त्यांनी एक उचलून नाकाला लावलं आणि म्हणाले, "वास पाहा रुखमे. नाही ना? मलेई नाही येत. गिऱ्हाईक इचारते, आपल्या नदीचं हाय का? मी म्हनतो हाव." मग हसले. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं वाटलं असतं.

आणखी एक. बारा घरांनी एस. डी. ओ. साहेबांकडे अर्ज केला होता, त्याची सुनावणी एप्रिलात आहे. मला समन्स आलं आहे. नकाशा काढणारी म्हणून.

समन्स आल्याच्या दुसऱ्याच दिवशी भगवंतराव शाळेत आले. चहा घेतला, मुलींच्या रांगोळ्या पाहिल्या. मग मुख्याध्यापिकाबाईंना बाहेर पाठवून म्हणाले, "बाई, घाबरू नका. तुमी एवढंच सांगा, मी लहानपणापासून या गावची, तिथं रेतीच पाहत आली. काम खतम." मी रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली. तेव्हा म्हणाले, "बरं, ते नसन जमत तर म्हना, पावसाळा व्हता, काही दिसलं नाही. तेई चालते. तुमच्यावर बी काही येत नाही, आमच्यावर बी नाही." उठताना म्हणाले, "तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. तुमच्या बाबाची बी. मी दोनी कागद पुढच्या मीटिंगला ठेवतो."

आवाज गोड होता. त्यांनी मला धमकी दिली असं मी कोणाला सांगितलं तर सिद्ध करता येणार नाही.

बारा घरांच्या वकिलांकडून समजून घेतलं ते असं. वाड्यांचा एकही कागद नाही. पावती नाही, नोंद नाही, कारण वाडी दिवाळीला उगवते आणि मृगाच्या पाण्यात वाहून जाते, तिचा कागद कोण करणार? सबंध सरकारदरबारी त्या जागेबद्दल एकच कागद आहे, माझा नकाशा. मी "दिसलं नाही" म्हटलं तर मी सुटते आणि बारा घरांजवळ काही उरत नाही. वाड्या होत्या हे मीच शपथेवर सांगितलं तर उपयोग होईल, पण मग माहीत असून सरकारी कामात खोटा नकाशा दिला, असं मला माझ्या तोंडानं म्हणावं लागेल.

आणि मागच्या पत्रात मी तुला तेच "दिसलं नाही" लिहिलं होतं. भगवंतरावांच्या आधी ते मला सुचलं होतं.

तुझी,
रुख्मिणी


नदीवेस,
२४ एप्रिल १९६४

आत्या,

हे पत्र मास्तरांनी मोठ्यानं वाचावं. ओसरीवरून कोणी उठून जाऊ नये. वामनराव मास्तर, मधली एकही ओळ गाळू नका, ही विनंती.

गेल्या श्रावणात टाउन हॉलमध्ये समितीची बैठक होती. नकाशा अर्धा झाला होता. बागेची हद्द, हौद, पायऱ्या, सगळं मी शिसपेन्सिलीनं काढून आणलं होतं. पायऱ्यांच्या पलीकडे मी बारा रेघा बारीक मारल्या होत्या. हो, मारल्या होत्या. हे तुला पहिल्यांदाच सांगते आहे. नावं नव्हती, नुसत्या रेघा.

हिंमतराव तेव्हा सभासद म्हणून बसत. त्यांनी रेघांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय हाय बाई? जिना?" मी सांगणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा, थांबा. तुमच्या आडनावावरून काही अंदाज येत नाही. तुमी त्या डांगरवाल्यापैकी तं नाही ना? नाही म्हनलं, बागीचा करता करता आमाले टोपलं द्यान डोक्यावर." सगळे हसले. वकील हसले. भगवंतराव मिशीत हसले. ओव्हरसियर नवा होता, पुण्याकडचा, त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "डांगर म्हणजे?" मग खरबूज हे समजल्यावर तोही हसला.

मीही हसले.

आणि म्हणाले, "नाही हो. तिथं मोकळी रेती आहे." खोडरबर माझ्याच पर्समध्ये होता. रेघा पुसल्या आणि तिथंच, त्यांच्यासमोर, सुवाच्य अक्षरात लिहिलं. हिंमतराव म्हणाले, "मोकळी रेती. लय कामाची चीज आहे." तेव्हा मला ते विनोदासारखं वाटलं होतं.

एवढंच आहे. कोणी माझ्यावर दबाव आणला नाही, लाच दिली नाही. त्या खोलीतल्या खुर्चीवर मला आणखी थोडा वेळ बाई म्हणून बसायचं होतं. तू मला त्या वाडीतल्या डांगरावर वाढवलंस, आई गेल्यावर त्या वाडीतल्या झोपडीत कंदिलाशी बसवून पाढे म्हणून घेतलेस, स्वतःला येत नसताना. "चुकली तं सांगन कोन," म्हणायचीस, "पन तू थांबली की मले समजते." माझं चुकलं तेव्हा मी थांबले नाही. हसतच लिहिलं.

आता सुनावणीचं.

बाबा आले होते. डगला घालूनच आले, कारण दुसरा धड सदरा नव्हता. आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की माझ्या बोलण्यानं त्यांची नोकरी जाईल. ते कर्दळीचे गड्डे वेगळे करत होते. वर न बघता म्हणाले, "जाऊ दे. मले ते शिट्टी तशीई येत नाही." एक गड्डा झटकून म्हणाले, "बाईले लिहिलं का तू?" तुला ते बाईच म्हणतात. मी म्हटलं, लिहीन. "मंग लिही की मी बी हसलो असतो तिथं. मी तं डगला घातला."

साहेब तरुण आहेत. घाईत नव्हते. नकाशा टेबलावर पसरून विचारलं, "हा तुमचाच?"

"हो."

"इथं मोकळी रेती लिहिलंय. अर्जदार म्हणतात तिथं पिढ्यान् पिढ्या वाड्या आहेत."

"आहेत. मी लिहिलेलं खोटं आहे."

"म्हणजे चूक झाली?"

"चूक नाही. मला माहीत होतं."

मागे भगवंतराव खाकरले. साहेबांनी मला पाणी विचारलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही काय म्हणताय ते समजून म्हणताय ना? आणि आज तुमचे लोक अडचणीत आहेत म्हणून तुम्ही हे म्हणत नाही, हे मी कशावरून धरायचं?"

प्रश्न बरोबर होता. माझ्यावर विश्वास ठेवायला मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "मोजणी कुठून सुरू केली आहे ते नकाशात बघा."

त्यांनी पाहिलं. सगळी मापं एका ठिपक्यातून निघतात. शेजारी लिहिलंय, लोखंडी कडं.

"बाग मोजायची तर फाटकापासून मोजतात," साहेब म्हणाले. "हे मागच्या पायरीवरून का?"

"आमच्यात तिथूनच मोजतात. मला दुसरीकडून मोजता येत नाही."

आत्या, मी रेघा पुसल्या, पण कडं पुसायचं मला सुचलं नव्हतं. ते जागेवर नाही. पायरीही नाही. सबंध गावात ते आता त्या एका खोट्या कागदावर उरलं आहे. मग मी सगळं सांगितलं: दोर, बारा घरं, टोक कोण धरतं आणि का धरतं, मी किती वर्षं धरलं. जानराव काकांनी दोर आणला होता. साहेबांनी तो मोजून घेतला, गाठी मोजल्या, नकाशाच्या मापाशी ताडून पाहिला. पायरीपासून वळणावरच्या उंबरापर्यंत मी नकाशात जेवढं अंतर दाखवलं होतं, ते बरोबर बारा दोर भरलं. मला लाल शाई दिली. मी नकाशावर बारा वाड्या काढल्या आणि नावं घातली. पाचवीत लिहिलं, सुभद्राबाई. हात थरथरला नाही.

मागून हिंमतरावांचा आवाज आला, फार हळू नाही, "घ्या. डांगरवालीच निघाली."

"हो," मी म्हटलं. एवढं म्हणायला मला आठ महिने लागले.

आता तुला बरं वाटेल असं काही लिहू का? नाही लिहीत. हुकूम महिन्या-दोन महिन्यांनी येईल. वकील म्हणतात आशा आहे. पण काल जानराव काकांबरोबर मी नदीत उतरले. तुझ्या वाडीच्या जागी दोन पुरुष खोल खड्डा आहे आणि त्यात हिरवं पाणी. काका काठावर उभे राहून म्हणाले, "हुकूम भेटला तं भेटला. डांगर का होडीत बसून लावू?" चांगला पूर आला तर चार-पाच वर्षांत रेती परत भरेल म्हणतात. तुझं वय मला माहीत आहे.

आणि बागेत लोक येतात ते खरं आहे, पण नदीकडच्या बाकांवर आता कोणी बसत नाही. ट्रकची धूळ. परवा चैत्राची संध्याकाळ होती. मला आठवलं, दरवर्षी याच दिवसांत सगळी पेठ दुकानं लवकर लावून गटारीच्या बोळातून धोतरं सावरत वाळूत उतरायची. शेठ, वाणी, कचेरीतले कारकून. ओल्या रेतीत बसून डांगर फोडायचे, भावावरून तुझ्याशी भांडायचे, पाण्यात पाय सोडायचे, अंधार पडेपर्यंत उठायचे नाहीत. गाव नदीपासून तुटलं आहे असं मी निवेदनात लिहिलं. ते तुटलेलं नव्हतं. त्याची वाट तुमच्या वाड्यांमधून जात होती, आणि ती मला वाट वाटली नाही, कारण तिला फाटक नव्हतं.

माफी मागत नाही. ती मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तुझं घ्यायचं तेवढं मी घेऊन झालं आहे. तू कार्ड पाठवलं नाहीस तरी मी समजेन. चरवी फळीवर आहे.

तुझ्या पहिल्या कार्डाचं उत्तर मात्र आता दिलं. उशीर झाला.

एक सांगायचं राहिलं. जबाब लिहून झाल्यावर कारकुनानं माझं नाव, वय, गाव लिहून घेतलं आणि विचारलं, "धंदा काय लिहू बाई? शिक्षिका?" राजीनामा मी त्याच दिवशी सकाळी, कचेरीत जाण्याआधी, मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवला होता. भगवंतरावांच्या मीटिंगला माझा कागद जायची गरज ठेवली नव्हती.

म्हटलं, "शिक्षिका नको. दोर धरते, असं लिहा."

"असा धंदा नसतो बाई."

"मग ती जागा रिकामी ठेवा."

त्यानं ठेवली. त्याखाली मी सही केली.

तुझी,
रुखमी